सत्यशीलाबाई बैलमोडी ओलांडतात

सत्यशीला मनवर कंडक्टर म्हणून एसटीच्या दारात उभ्या राहिल्या की चढणाऱ्या माणसाला आपण काहीतरी गुन्हा केलाय असं आपोआप वाटायला लागायचं. खिशात पास असलेली माणसंसुद्धा खिसा चाचपून बघायची. बाईंचं बघणंच तसं होतं. त्या चेहऱ्याकडे बघत नसत. चेहरा कोणालाही सरळ ठेवता येतो, असं त्यांचं मत. त्या हातांकडे बघत. बिनतिकीट माणूस खिडकीबाहेर असा टक लावून बघतो, जणू शेतातली कपाशीची पऱ्हाटी त्याने जन्मात पाहिलेली नाही. नाहीतर कंडक्टर जागेवरून उठला रे उठला की त्याला गाढ झोप लागते. पण त्याचे हात झोपलेले नसतात. बाई त्या हाताला तिकिटाच्या मशीनचा कोपरा हलकेच टेकवायच्या आणि म्हणायच्या, "उठा दादा, गाव आलं." गाव आलेलं नसायचं, पण माणूस बरोबर उठायचा.

डेपोतल्या लोकांना वाटे, हा संशय बाईंनी नोकरीत कमावला. तसं नव्हतं. तो त्यांना घरात मिळाला होता. त्यांचा नवरा धम्मरत्न कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, हसरा माणूस. एका वर्षी त्याचं जेवण कमी झालं. काय होतंय विचारलं की तो म्हणायचा, "काही नाही, गॅस झाला." वर्षभर त्याला गॅसच होत राहिला. शेवटी यवतमाळला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी बाईंना बाहेर बोलावून विचारलं, इतके दिवस काय करत होता? उशीर झाला होता, धम्मरत्न वाचला नाही. त्याला आपलं दुखणं आधीपासून ठाऊक होतं. पोरगी लहान, बायको दिवसभर बसमध्ये उभी, कशाला सांगायचं, म्हणून त्याने सांगितलं नव्हतं. गाडीभर लोकांचे हात वाचणारी मी, आणि घरच्या माणसाचा पोटावर ठेवलेला हात मला वाचता आला नाही, हे बाईंनी स्वतःला कधी माफ केलं नाही. तेव्हापासून कोणी 'काही नाही' म्हटलं की बाई सावध होत. काही नाही म्हणणाऱ्याकडेच काहीतरी असतं.

पोरगी म्हणजे प्रियंका. सुट्ट्यांमध्ये ती आईबरोबर गाडीत असायची. दारापाशी कंडक्टरची जी सीट असते, तिच्यावर खिडकीकडे बसून ती यवतमाळ, दारव्हा, दिग्रस असं सगळं फिरलेली. आई पार मागच्या सीटपासून तिकिटं तपासत पुढे यायची आणि आपल्या सीटपाशी पोचली की मशीन खाली ठेवायची. त्या सीटवर बसलेल्याला काय विचारायचं? ते तर घरचंच माणूस.

ही प्रियंका नर्सिंग शिकली, यवतमाळला एका दवाखान्यात लागली, तिथेच खोली करून राहू लागली. गेल्या वर्षी एका रविवारी नेरला आईकडे आली आणि भाजी निवडता निवडता म्हणाली की एक मुलगा आहे. नयन आडे. माती तपासायच्या प्रयोगशाळेत काम करतो, सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन डोंगर चढतो. दिग्रसच्या पलीकडे उंबरतांडा आहे, तिथला. बंजारा.

बाईंनी एकदा भिंतीवरच्या महापुरुषांच्या फोटोंकडे पाहिलं. ते फोटो घरात लावून पोराची जात काढायची त्यांना लाज वाटली, म्हणून जात सोडून बाकी सगळं त्यांनी काढलं. त्या रस्त्यावर ड्युटी मागून घेतली. तांड्याकडचा प्रवासी दिसला की तिकीट फाडण्याआधी चौकशी. आडे कोणते? पोरं किती? दारू? पोराचं आधी कुठं काही? कोणी वाईट सांगेना. पोट्टा चांगला आहे, म्हणायचे. आणि कोणीच वाईट बोलत नाही याचंच बाईंना वाईट वाटलं. असा माणूस असतो का कुठं?

तांड्याची माणसं त्यांना नवीन होती असंही नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी बाईंनी त्या लोकांपायी स्वतःचं हसं करून घेतलं होतं. पुसदच्या रस्त्यावर एका फाट्यावर दोन बंजारणी एकमेकींच्या गळ्यात पडून मोठ्याने, सूर लावून रडत होत्या. बाईंचं काळीज हललं. घंटी मारून गाडी थांबवली, पाण्याची बाटली घेऊन खाली उतरल्या, म्हाताऱ्या बाईच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "कोन गेलं व माय?" म्हातारीने ओढणीने डोळे पुसले आणि म्हणाली, "कोनी नाही गेलं बाई. ही माही नणंद होय, लय दिवसानं भेटली." आणि दोघी हसत हसत गाडीत चढल्या. ड्रायव्हर पुसदपर्यंत हसत होता. पुढे मग बाईंना सवय झाली. त्यांच्यात नात्याची बाई भेटली की असंच गळ्यात पडून सुरात रडायचं, सुखदुःख त्या रडण्यातच सांगायचं. परक्या बाईला मात्र नुसता रामराम.

चौकशीत काही सापडेना तेव्हा बाईंनी फर्मान काढलं, "घर पाहीन, मंगच बोलीन."

नयन नेरला आला. खुर्चीच्या टोकावर बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, "काकू, गाडीनं आमच्याकडे यायचं तर लई चक्कर पडते. तुमची पायी चालायची तयारी असली तर बैलमोडीच्या खिंडीतून जाऊ. आता तिथं वाट नाही राहिली, पण आमचे जुने लोक बैलावर मीठ लादून तिथूनच जायचे. एक रात्र डोंगराखाली मुक्काम करू, दुसऱ्या दिवशी दुपारी घरी."

बाईंनी बशीतला चहा फुंकला. आत मात्र मशीन सुरू झालं होतं. तांड्याच्या फाट्यापर्यंत एसटी जाते, हे कंडक्टरला ठाऊक नाही का? फाट्यावर चहाची टपरी आहे, चार माणसं बसलेली असतात, माणसं बोलतात. याला मला त्या माणसांसमोरून न्यायचं नाही. म्हणजे फाट्यावर काहीतरी कळण्यासारखं आहे.

"येईन," त्या म्हणाल्या.

प्रियंकाच्या हातून चहाचा कप सुटता सुटता राहिला. आई नाही म्हणेल, अशी तिची खात्री होती. पण संशयी माणसाला कुठं नेलं तर तो जातोच. न जाऊन त्याला कळणार कसं?

डिसेंबरातल्या एका शनिवारी तिघं निघाली. दिग्रसपर्यंत एसटी, पुढे शेवटच्या गावापर्यंत ऑटो, मग पायी. नयनने वनखात्याच्या लोकांना सांगून ठेवलं होतं. त्याने बाईंसाठी पाठीवरची सॅक आणली होती. त्यांनी ती उचलून पाहिली. फार हलकी. त्याच्या पाठीवरची मात्र त्याच्या डोक्याच्याही वर गेलेली.

"त्यात काय हाय?"

"सामान आहे, काकू."

हे काही उत्तर झालं नाही. एसटीत ज्याच्या पिशवीत कोंबड्या असतात तोच 'सामान' म्हणतो. बाईंनी ती सॅक डोक्यात नोंदवून ठेवली.

तुरीच्या शेतांमधून बांधाबांधाने चालताना बाईंनी बारकाईने पाहणी केली. नयन पुढे चालायचा, पण दर थोड्या वेळाने थांबून मागे बघायचा. काय बघतो? कोणी पाठलाग करतंय का? बोलतो कमी. कमी बोलणारा माणूस मोजून बोलतो आणि मोजून बोलणाऱ्याकडे लपवायला असतं. वाटेत एक गुराखी भेटला, त्याच्याशी तो बंजारा बोलीत बोलला आणि दोघं हसले. गुराख्याने बाईंकडे पाहून हात जोडले. कायले जोडले? बाईंनी मागे वळून प्रियंकाला विचारलं, "तुले ते बोलनं समजते का?"

"थोडं थोडं."

"काय म्हनत होता तो?"

"काही नाही व आई. कुठी चालले म्हनून इचारून राह्यला होता." प्रियंका जॅकेटच्या खिशात हात घालून चालत होती.

"हात बाहेर काढ. बांधावर पडशीन."

"काही नाही होत. थंडी हाय."

थंडी होतीच. बाईंनी पदर कानावरून घेतला आणि पुन्हा पुढच्या सॅकवर डोळा ठेवला.

डोंगराच्या पायथ्याशी एक पाझर तलाव आहे, तिथे संध्याकाळी मुक्काम पडला. नयनने दोन तंबू उभे केले, चूल मांडली, भात टाकला. मग ती मोठी सॅक उघडली. बाई जरा पुढे सरकून बसल्या. आतून पाण्याच्या बाटल्या निघाल्या, एक पातेलं, दोर, आणि सगळ्यात खालून त्यांची स्वतःची उशी. नेरच्या घरातली, निळ्या अभ्र्याची.

"प्रियंका म्हणाली, दुसऱ्या उशीवर तुम्हाला झोप येत नाही," नयन म्हणाला.

दुसरी एखादी बाई इथेच विरघळली असती. सत्यशीलाबाईंनी उशी उलटीपालटी करून तिची शिवण तपासली. माझी उशी याच्या पाठीवर! इतकं कोणी कोणासाठी उगीच करतं? त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांना जागा द्यायला जे प्रवासी स्वतःहून उठले, त्यातल्या निम्म्यांकडे तिकीट नव्हतं.

ताटं धुवायला ती दोघं पाण्याकडे गेली. बाई चुलीपाशी बसून त्यांच्याकडेच बघत होत्या. नयन काहीतरी म्हणाला. प्रियंकाने मान हलवली, नको. त्याने पुन्हा म्हटलं, जरा जोर देऊन. तिने पुन्हा मान हलवली आणि डोळे पुसले. बाई अर्धवट उठल्या. पोरगी माझी कोणाला भीत नाही, आणि हा तिला रडवतो?

"काय म्हनत होता?" प्रियंका आल्यावर त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"प्रियंका."

"काही नाही म्हनतो न आई! तू कायले सारखी सारखी इचारतं? जेव न सुखानं."

बाई जेवल्या, पण डोळे नयनच्या हातांवर होते. नेरचं घर माझ्या नावावर आहे, ते याला हवं असेल. नाहीतर काही कर्ज असेल. आपल्या पोरीला कशात तरी गुंतवलंय यानं, आणि ती सांगत नाही. बापावर गेलीय. त्या विचाराने त्यांना रडूच आलं, पण त्या रडल्या नाहीत. निळ्या उशीवर डोकं ठेवून पडल्या आणि दोन्ही तंबूंकडे कान लावून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी खिंड.

खिंड म्हटल्यावर आपल्याला वाटतं दोन डोंगरांमध्ये एक सोयीची फट असेल. बैलमोडीला सोय ठाऊक नव्हती. खालून बघावं तर नुसता साग आणि धावडा, वर काळ्या खडकाची भिंत, आणि त्या भिंतीत एका जागी वरून दगड ढासळून पडलेली घळ. तीच खिंड. वाट अशी नव्हतीच. घाणेरीच्या जाळ्या दोन्ही हातांनी बाजूला सारत, गळ्याएवढ्या वाळक्या गवतातून वर चढायचं. कुसळं साडीच्या काठात, पेटीकोटात, मोज्यात शिरून टोचत होती. गवत संपलं की दगड सुरू झाले. छातीएवढे, आणि मधे मधे असे की पाय ठेवावा आणि दगडच निघून खाली गडगडत जावा. एका सपाट खडकावर नयनने खळग्यांची एक ओळ दाखवली. बैलांच्या खुरांनी पडलेली आहे म्हणे, पिढ्यान् पिढ्या जाऊन जाऊन. इथेच त्यांचे पाय मोडायचे, म्हणून बैलमोडी.

"आन मानसाईचे?" बाईंनी विचारलं.

"माणसांचे नाही मोडत काकू. मी आहे न."

हेच ते. मी आहे न. असं म्हणणाऱ्यानेच एका प्रवाशाची पेटी फलाटावरून लांबवली होती, बाईंच्या डोळ्यांदेखत.

चढ उभा होत गेला. बाई चवड्यांवर उभं राहून जन्म काढलेल्या, त्यांचे पाय थकणारे नव्हते; पण श्वास पुरेना. घळीत एक उंच पायरीसारखा खडक आला. नयनने आधी वर जाऊन झाडाला दोर बांधला, मग पालथा पडून हात खाली केला. बाई दोराला धरून चढल्या आणि अर्ध्यात त्यांच्या बुटाखालचा मुरूम सरकला. पाय हवेत गेले. प्रियंका खालून किंचाळली. पण नयनने मनगट केव्हाच धरलं होतं. दगड खाली जाऊन कुठेतरी आपटल्याचा आवाज आला आणि तोवर बाई वर होत्या, पोटावर पडलेल्या, तोंडात माती.

"लागलं का आई?" नयनच्या तोंडून निघालं.

"काकू म्हन," बाई माती थुंकत म्हणाल्या. "अजून नाही झाली मी तुही आई."

त्याने दोर पुन्हा प्रियंकासाठी खाली सोडला. बाई उठून बसल्या आणि मनगट चोळत विचार करू लागल्या. मी घसरायच्या आधी याचा हात तिथे होता. म्हणजे मी घसरणार हे याला ठाऊक होतं. ठाऊक असताना इथून आणलं का मग? त्या माणसाने आत्ता आपला जीव वाचवला, हे मनात यायलाही त्यांच्याकडे जागा नव्हती. सगळी जागा संशयाने धरून ठेवली होती.

घळीच्या वरच्या टोकाला पोचता पोचता मोबाईलला रेंज आली आणि नयनचा फोन वाजला. तो चार पावलं लांब गेला, पाठ करून उभा राहिला, बंजारा बोलीत बोलू लागला. बाईंनी चालता चालता कान दिले. ती बोली त्यांना येत नव्हती, पण इतकी वर्षं त्या रस्त्यावर काढल्यावर काही शब्द कानात बसलेले असतात. वाऱ्यावर एक शब्द आला. नवलेरी. पुन्हा एकदा, स्पष्ट. नवलेरी.

हा शब्द त्यांना पक्का ठाऊक होता. लग्नसराईत वऱ्हाडं गाडीत चढायची तेव्हा दहा बाया एकदम ओरडायच्या, नवलेरीला बसायला जागा द्या! नवलेरी म्हणजे नवरी.

बाई जिथे होत्या तिथे थांबल्या. आणि मग सगळी तिकिटं एकाखाली एक जुळली. फाटा टाळणं. पोरीला पाण्याजवळ रडवणं. उशी. गोडगोड वागणं. याच्या घरी नवरी आहे. ज्या माणसाबद्दल कोणी वाईट बोलत नाही त्याचं लग्न झालेलं असतं, आणि सगळा तांडा ते झाकून ठेवतो. आणि पोरीला ते काल कळलंय, म्हणून रडली. माझी प्रियंका! त्यांना वाईट वाटलं, राग आला, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात आत कुठेतरी थोडं बरंही वाटलं. शेवटी सापडलं. माझी नजर चुकली नव्हती.

वर खिंडीत सपाट जागा होती. एका बाजूला त्या चढून आल्या ते जंगल, दुसऱ्या बाजूला खाली कपाशीचे चौकोन आणि पत्र्यांच्या छपरांचा तांडा उन्हात चमकत होता. बाईंनी सॅक उतरवली. पदर खोचला.

"नयन. इकडे ये. माह्याकडे पाहून सांग. तुहं लगन झालं हाय का?"

नयनने प्रियंकाकडे पाहिलं. प्रियंकाने खाली पाहिलं. त्याने सॅकचे पट्टे आवळले. मग सरळ उभा राहिला.

"हो," तो म्हणाला. "झालंय. खोटं नाही बोलणार मी तुमच्याशी."

"पाह्य!" बाई प्रियंकाकडे वळल्या. "पाह्य पोरी, म्या काय म्हनत होती? सारा तांडा म्हने पोट्टा चांगला, पोट्टा चांगला! चाल. आल्या पावली खाली चाल. तू रडू नको, म्या हाय न तुही माय."

"आई," प्रियंका म्हणाली. ती पांढरी पडली होती.

तेवढ्यात खालच्या बाजूने बांगड्यांचा आवाज आला. नयनची आई रुपीबाई अर्ध्या डोंगरापर्यंत आधीच येऊन थांबली होती, ती फोनवर खिंडीत पोचल्याचं कळताच वर आली. साठीची, काटक, अंगात आरसे लावलेली कांचळी चोळी, डोक्यावर पाण्याची कळशी. तिने कळशी खाली ठेवली. बाईंकडे पाहिलं. बाई तिला काही सुनवायच्या तयारीत होत्या, तोंड उघडलंही होतं. पण रुपीबाई थेट पुढे आली, तिने बाईंच्या गळ्यात दोन्ही हात टाकले, खांद्यावर डोकं ठेवलं आणि मोठ्याने, सूर लावून रडायला लागली.

तिच्या रडण्यातले निम्मे शब्द तिच्या बोलीतले होते, निम्मे पाहुणीला कळावे म्हणून इकडचे. "लेक देल्ली वो माय... पोटची लेक देल्ली... एकटीनं वाढवली, मले देल्ली..." खिंडीतून तो आवाज दोन्ही बाजूंना जात होता.

बाई दोन्ही हात खाली सोडून उभ्या होत्या. सोडवून घ्यावं म्हणून त्यांनी एकदा अंग आक्रसलं आणि मग एकदम सैल पडल्या. फाट्यावरच्या त्या दोन बंजारणी त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या. परक्या बाईला नुसता रामराम. गळ्यात पडून रडायचं ते नात्यातल्या बाईच्या. ज्या घरात दुसरी नवरी आहे, त्या घरची सासू माझ्या गळ्यात पडून कशाला रडेल? ही माझ्या गळ्यात पडलीय, कारण मी तिची विहीण आहे. होणार नाही. झालेली आहे.

रुपीबाईच्या खांद्यावरून त्यांनी पोरीकडे पाहिलं. प्रियंकाचे हात जॅकेटच्या खिशात होते. काल शेतात होते, रात्री ताटं धुऊन होताच आत गेले होते, आज सगळा चढ जाळ्या सारण्यापुरते, दोर धरण्यापुरते बाहेर येऊन पुन्हा आत गेले होते. दोन दिवस बाईंनी त्या पोट्ट्याचे हात पाहिले होते. पोरीचे पाहायचं त्यांना सुचलंही नव्हतं. ती तर घरचीच.

"कधी?" त्यांनी विचारलं. रुपीबाई रडतच होती.

"मार्चमधी," प्रियंका म्हणाली. "यवतमाळले. रजिस्टर केलं. तो म्हनत होता, आधी आईले सांगू. म्याच नाही म्हनलं."

"काहून?"

"तू चौकशी करून राह्यली होती न आई." प्रियंका वर न पाहता बोलत गेली. "तू हो बी म्हनली नसती आन नाही बी म्हनली नसती. तू शोधतच राह्यली असती. काहीतरी सापडेपरेंत. म्या किती वाट पाहू? इकडून आनलं ते माह्या म्हनन्यावरून. वाटंनं लोक नसतीन, तुले नीट सांगीन. काल सांगनार होती, पाण्याजोळ तो बी तेच म्हनत होता. सकाळी सांगनार होती. मंग तू घसरली... मले भेव वाटलं, असंच न सांगता तू गेली असती त."

नयन खाली बघत उभा होता. बाईंची सॅक त्याने केव्हा उचलून आपल्या दुसऱ्या खांद्यावर घेतली होती, कोणाला कळलं नव्हतं.

बाईंना खूप बोलायचं होतं. माझ्याशी असं वागलीस? त्या खिडकीजवळच्या सीटवर बसवून तुला गावोगाव फिरवली, त्याचं हे फळ? पण त्याऐवजी दुसरंच काही बाहेर पडलं. त्यांनी रुपीबाईच्या पाठीवर हात ठेवले, तिच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि त्या रडायला लागल्या. त्यांना सूर लावता येत नव्हता. बेसूर, हुंदके देत, नाक भरून रडल्या. पोरीने फसवलं म्हणून रडल्या. पोरीला आपली भीती वाटली म्हणून त्याहून जास्त. आणि धम्मरत्नाने पण याच भीतीने सांगितलं नसेल का, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा मनात आलं म्हणून तर त्यांना थांबताच येईना.

रीतीप्रमाणे रुपीबाईचं रडणं आटोपलं. तिने ओढणीने डोळे पुसले, प्रसन्न चेहऱ्याने मागे सरकली आणि पाहते तर विहीण अजून रडतेय. तिने जरा वाट पाहिली. मग लेकाकडे वळून कौतुकाने काहीतरी म्हणाली.

"काय म्हनते?" बाईंनी नाक पुसत विचारलं. अशाही वेळी विचारायचं सोडलं नाही.

"म्हणते, आमच्या बायांना एवढं चांगलं रडता येत नाही," नयन म्हणाला. क्षणभर थांबून त्याने धीर केला. "आई."

बाईंनी त्याला काकू म्हणायला सांगितलं नाही. कळशीतलं पाणी प्यायल्या. तोंडावर हबका मारला. रुपीबाई पुढे निघाली, तिच्यामागे दोन सॅकांखाली वाकलेला नयन. खाली उतरायची बाजूही काही धड नव्हती; पायवाट तांड्यातल्या शेळ्यांची, आणि शेळ्यांना जमेल तेवढीच.

प्रियंका आईजवळ येऊन उभी राहिली.

"राग आला का, आई?"

बाई खाली पत्र्यांच्या छपरांकडे बघत होत्या, जणू छप्पर त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं.

"काही नाही," त्या म्हणाल्या.

प्रियंकाने आईकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. पदराचं टोक त्या हातांनी पिळून पिळून दोरीसारखं केलं होतं. तिने खिशातून आपला हात बाहेर काढला, पदर हळूच सोडवला आणि आईचा हात धरून उतरायला लागली.